बदवीचं जहाज

७ फेब्रुवारी, शनिवार

उम्म लुत्फी, लुत्फीची आई, गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

मी पोचले तोवर बायकांनी तिला न्हाऊ घालून कफनात गुंडाळलं होतं. लुत्फी आतल्या खोलीत कोंडलेला. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पण समज लहान पोराची, असं डॉक्टर म्हणतात. पाय अकरा वर्षांपूर्वीच गेले. तो बसल्या बसल्या पाठीने दारावर धडका देत होता. "आई! आई!" जिन्यात पुरुष मयत उचलायला उभे. त्याची बहीण सौसन ओढणीने तोंड दाबून कोपऱ्यात. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या— "इन्साफ, तू जा आत. तुझं ऐकतो तो."

माझं ऐकतो!

आत गेले. दार लावलं. त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "लुत्फी, आई जहाजावर गेली."

तो थांबला. एकदम. म्हणाला, "जहाज?"

"हो. बदवीसारखी."

माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घातली. पुन्हा एकदाही हाक मारली नाही. मयत खाली उतरवताना चार जणांचे पाय जिन्यात वाजत होते, ते आम्ही दोघं ऐकत बसलो.

बाहेर आल्यावर बायका म्हणाल्या, देव तुझं भलं करो, कसं गं शांत केलंस!

८ फेब्रुवारी

दिवसभर सांत्वनाला बसले. बिनसाखरेची कॉफी, काळे कपडे, टेपवर कुराण. तिसऱ्या मजल्यावरची उम्म शादी कानाशी लागली, "त्याला जहाज सांगितलंस म्हणे? छान केलंस. आता रोज विचारेल, कधी येणार म्हणून. तेव्हा तूच ये हो उत्तर द्यायला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ही वही बदवीची, माझ्या नवऱ्याची. पुढच्या पानांवर त्याची गाणी आहेत, मागची कोरी पानं माझी. वाचायला मी या गाण्यांवरच शिकले. गाणी पाठ होती, म्हणून कोणतं अक्षर कसं ते आपोआप कळत गेलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुढे वर्तमानपत्र, मग मिळेल ते. बदवी चेष्टा करायचा, "माझी बायको माशाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मगच मासा तळते."

बदवी कालव्यातून जाणारी जहाजं दोरखंडांनी काठाला बांधायचा. पोर्ट सईदला जहाजावर चढायचं, सुवेझपर्यंत जायचं, तिकडून दुसऱ्या जहाजावरून परत. आज गेला की उद्या-परवा घरी. लग्नाची चौतीस वर्षं हेच. मूलबाळ नाही. तो आणि त्याचं तारांचं वाद्य, सिमसिमिया. दर मंगळवारी सकाळी ती घेऊन खास मुलांच्या शाळेत, आणि दुपारी जे कोणी जिना उतरू शकत नाहीत त्यांच्या घरी. "त्यांना कॉफीघरात येता येत नाही ना, मग कॉफीघर त्यांच्याकडे." एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

तो जाऊन दोन वर्षं तीन महिने झाले. त्याच्या मागून पहिल्यांदा लुत्फीकडे गेले तेव्हा लुत्फीने दारातच विचारलं, "बदवी?" माझ्या तोंडून निघालं, "जहाजावर गेलाय."

निघालं. आणि मग दर मंगळवारी निघत राहिलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी शाळेत गेलो. हसनैन न्हावी, बदवीची सिमसिमिया आता तोच वाजवतो. जाबिर दरबुक्यावर, म्हणजे आमच्या ढोलकीवर. मी दोन चमचे आणि टाळ्या. मुलं खूश.

दुपारी हसनैन वाद्य गुंडाळत म्हणाला, "चला, लुत्फी दोर सोडून बसला असेल."

मी म्हटलं, "आज नाही. मयताचं घर आहे. चाळीस दिवस गाणं नाही."

"हाज्जा, आपण काय लग्नाला चाललोय? हळू वाजवू. बसून येऊ."

"लोक काय म्हणतील? आईची माती ओली आहे अजून."

हसनैन पुन्हा वाद्य गुंडाळायला लागला. मी हज केलेली नाही, पण माझ्या वयाच्या बाईला सगळे हाज्जाच म्हणतात, आणि हाज्जाशी वाद घालत नाहीत. जाबिरला मात्र राहवलं नाही. "चाळीस दिवस म्हणजे सहा मंगळवार," तो म्हणाला. "त्याला सांगायला तरी जाशील ना?"

"सौसन सांगेल."

घरी आले. मासा आणला होता, तो तळलाही नाही.

११ फेब्रुवारी

सौसनला मी निरोप पाठवलेलाच नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

टोपली पाहिली.

त्याच्या गल्लीतून जायचं नाही असं ठरवलं होतं. पण पाव तिथेच चांगला मिळतो— असं मी स्वतःला सांगितलं. चौथ्या मजल्याच्या लाकडी सज्जातून दोर खाली आलेला, आणि टोकाला खजुराच्या पात्यांची ती मोठी टोपली. रिकामी. जमिनीपासून हातभर वर. वाऱ्याने गरगर फिरत होती.

ही बदवीची युक्ती. जिना अरुंद आहे, वाद्य आपटतं, अशी सबब सांगून त्याने पहिल्याच दिवशी सिमसिमिया गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवली आणि खालून ओरडला, "लुत्फी! ओढ!" लुत्फीने ओढली. मग दरबुका. मग चमचे. जिन्याने आम्ही माणसंच फक्त चढायचो. वर पोचेपर्यंत लुत्फीने सगळं आपल्या मांडीपुढे मांडून ठेवलेलं असे. मी बदवीला एकदा म्हटलं होतं, जिन्याने तर नीट नेता येतं की. तो म्हणाला, "येतं. पण त्याला काम पाहिजे. नुसतं ऐकायला बसवलं तर आपल्याच घरात पाहुणा होईल बिचारा."

आज मी टोपलीकडे बघत उभी होते तेवढ्यात वरून चमचे वाजायला लागले. सज्जाच्या लोखंडी गजावर. टाळ्यांचा ठेका, आमच्या सुरुवातीच्या गाण्याचा. एक मात्रा इकडची तिकडे नाही. बदवी म्हणायचा, ठेक्यात लुत्फी माझा उस्ताद आहे.

त्याने खाली वाकून बघितलं आणि मी मासेवाल्याच्या कापडी छपराखाली सरकले. एकसष्ट वर्षांची बाई! मासेवाला म्हणाला, "काय देऊ, हाज्जा?" मी नको असलेले मुलेट घेतले अर्धा किलो, आणि भिंतीभिंतीने निघाले.

१८ फेब्रुवारी

उम्म शादी बाजारात भेटली. "अगं, मयताच्या घरात चमचे बडवतोय तो! काल दुपारच्या नमाजापासून सूर्य बुडेपर्यंत. माझ्या नवऱ्याने वर जाऊन सांगितलं, तर त्याच्या हातावरच चमचा मारला. इन्साफ, ही सवय तुम्ही लावलीत. आता सोडवा."

मी म्हटलं, "आईची आठवण येत असेल."

"आई? नाव काढत नाही आईचं. एकदाही नाही. सौसनच म्हणते. माझ्या मांजरीला तरी जास्त कळतं."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक लाज वाटण्यासारखी गोष्ट केली. लिहूनच टाकते.

संत्री घेतली, चांगली, रसाची. गल्लीत कोणी नाही असं पाहून टोपलीजवळ गेले, संत्री आत ठेवली, दोराला दोन झटके दिले आणि पळाले. खरंच पळाले. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दारात उभी राहून बघत होते.

टोपली वर गेली. भरभर! त्या झटक्यांनी त्याला वाटलं असणार सिमसिमियाच आली. मग थोडा वेळ काहीच नाही. मग टोपली पुन्हा खाली आली, हळूहळू. संत्री होती तशीच, एकही कमी नाही.

दोन झटके ही बदवीची खूण होती. मला माहीत होतं. तरी दिले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सौसन आली. पहिल्यांदाच माझ्या घरी. बसली नाही, दारातूनच बोलली. तयार कपड्यांच्या कारखान्यात आहे ती. नवऱ्याने सोडून नऊ वर्षं झाली. आई होती म्हणून लुत्फीची काळजी नव्हती.

"खाला, तुमच्या कानावर घालते. चाळिसावा झाला की मी त्याला कैरोला नेऊन सोडणार. एक संस्था आहे. बोलणं झालंय."

"कैरोला? त्याला? कालवा दिसत नाही तिथून."

"कालवा जेवायला घालतो का? माझी पाळी सकाळी सातला. दिवसभर त्याच्याजवळ कोण? गेले वीस दिवस उम्म शादीच्या पाया पडून काढलेत. आता तीही नाही म्हणते. जेवण फेकतो. मंगळवार आला की चमचे. तीन मंगळवार झाले, शेजारी भांडायला येतात. मी काय करू, हात बांधून ठेवू त्याचे?"

मी विचारलं, "आईचं विचारतो का?"

"नाही. तेच तर! एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, विसरला असेल. मला तर त्याच्याकडे बघून भीती वाटते. आई विसरतं का कोणी, वीस दिवसांत?"

मग जिन्याकडे वळता वळता म्हणाली, "तुम्ही लोक आठवड्यातून एकदा ढोल घेऊन येता, टाळ्या वाजवता, दुवा घेता आणि जाता. राग मानू नका. उरलेले सहा दिवस घर असतं, खाला."

मी राग मानला नाही. तेवढंही तोंड उरलं नव्हतं.

२ मार्च, मंगळवार

शाळेत हसनैन वाजवत होता तेव्हा एक नऊ वर्षांची मुलगी, नूरहान, उठून त्याच्याजवळ गेली आणि सिमसिमियाच्या पोटाला गाल लावून उभी राहिली. ती बोलत नाही, कोणाला शिवू देत नाही. हसनैनने वाजवणं थांबवलं नाही. उजव्या हाताने सगळ्या तारा छेडायच्या आणि मागून डाव्या बोटांनी नको त्या दाबून धरायच्या, असं ते वाद्य. ती त्या मागच्या, दाबणाऱ्या बोटांकडेच बघत होती.

हिकमतबाईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मला बाजूला घेतलं. "लुत्फी कसा आहे? आमच्या पहिल्या तुकडीतला तो. आई गेल्याचं कळलं. बरं आहे, तुम्ही तरी जाताय."

मी म्हटलं, "हो. जातो ना."

५ मार्च, शुक्रवार

आता खरं लिहायला हवं. इथे कोणी वाचणार नाही.

चाळीस दिवस वगैरे काही नाही. उम्म लुत्फीने स्वतः बदवीच्या नवव्या दिवशी मला रेडिओ लावून दिला होता— "ऐक गं, भिंती खायला उठतील." मी सुतक पाळत नाहीये. मी दडून बसलेय.

मी वर गेले की लुत्फी दारात विचारणार, "आईचं जहाज?" मग मी काय सांगू? बदवीचं जहाज मी सुवेझहून जिद्दाला नेलं, जिद्दाहून एडनला. मागच्या उन्हाळ्यात मुंबईपर्यंत. वर्तमानपत्रात जहाजांची यादी येते ती मी सोमवारी बसून वाचायची, मंगळवारी सांगायला. कुठे मोठी लाट आली, कुठे इंजिन बिघडलं, कुठे बदवीने आंबे खाल्ले. वाचायला शिकले ते या कामी आलं!

आणि हे लुत्फीसाठी नव्हतं. ते लिहायलाच हात थांबतो.

तो विचारायचा, "बदवीचं जहाज कुठवर आलं?" सबंध पोर्ट सईदमध्ये एवढंच एक दार होतं जिथे बदवी मेलेला नव्हता. मी चार मजले धापा टाकत चढायचे ती त्या प्रश्नासाठी. हसनैन वाजवायला येई, जाबिर वाजवायला येई, मी ते ऐकायला येई. एखाद्या मंगळवारी लुत्फी विचारायला विसरला की मी मुद्दाम चपला काढताना वेळ लावायची. उम्म लुत्फी मग चहाचं तबक घेऊन मागून त्याला कोपराने ढोसायची. तिला आवडत नसणार. नको विचारूस बाबा, असं म्हणत असणार. त्या बाईला खोटं बोलता येत नसे. माझं खोटं तिने कधी खोडलं नाही, एवढंच.

आईबद्दल खरं सांगायचं तर बदवीचंही सांगावं लागेल. एक जहाज बुडवून दुसरं तरंगत ठेवता येत नाही.

म्हणून ती टोपली रिकामी लटकतेय. माझा मेलेला नवरा जिवंत राहावा म्हणून एका लंगड्या माणसाचं गाणं बंद. आणि आता त्याचं घरही जाणार.

९ मार्च, मंगळवार

टोपली. चमचे. मी दुसऱ्या गल्लीने गेले.

१४ मार्च, रविवार

पुढच्या रविवारी मातृदिन. आतापासूनच सगळीकडे आईची गाणी. बसमध्ये, बेकरीत, प्रत्येक सज्जात रेडिओ. दरवर्षी उम्म लुत्फी त्या दिवशी त्याला निळा शर्ट घालायची आणि तो तिला एक फूल द्यायचा. ते फूल तीच विकत आणायची.

हसनैनच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावलेला. मी तिथेच, त्या गिऱ्हाइकासमोर म्हटलं, "हसनैन, मी लुत्फीला खोटं सांगितलंय."

"माहितेय," तो म्हणाला, वस्तरा न थांबवता.

"काय माहितेय?"

"बदवीचं. हाज्जा, आम्ही त्याच खोलीत बसलेलो असायचो ना! मुंबईत आंबे खाल्ले म्हणालीस तेव्हा जाबिर माझ्या पायावर पाय देत होता, मला हसू येईल म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुझा चेहरा बघितला होतास का कधी तिथे?"

साबण लावलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "कोणाचं जहाज, काय भानगड आहे?" हसनैनने त्याची हनुवटी वर ढकलली. "तू गप्प बस, कापला जाशील." मग मला म्हणाला, "मी मंगळवारी केव्हाही तयार आहे. चार मजले मला जड नाहीत. तुला जड आहेत."

१७ मार्च, बुधवार

चाळिसावा. बायकांत जाऊन बसले. लुत्फीची खोली बंद होती. दाराशी गेले, हात कडीपर्यंत गेला. आतून काही आवाज नाही. परत येऊन बसले.

सौसन निघताना म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी नेतेय."

२० मार्च, शनिवार

सांगितलं.

उद्या मातृदिन, उद्या सगळी गल्ली आईची गाणी लावणार. त्याच्या आत सांगायला हवं होतं. सकाळी दहाला गेले, एकटीच. दर मजल्यावर थांबले. सौसनने दार उघडलं.

तो सज्जाजवळ बसला होता. दाढी वाढलेली, बारीक झालाय. घरांच्या छपरांमागून एका मोठ्या जहाजाचा वरचा भाग सरकत चालला होता, दक्षिणेकडे. तो ते बघत होता. मी आल्याचं त्याने पाहिलं. मी तयार होते, आता विचारेल. त्याने विचारलं नाही.

मी खाली बसले. म्हटलं, "लुत्फी, मी तुला खोटं सांगितलं. आई जहाजावर नाही गेली. आई मेली. तिला पुरलंय, तिच्या आईशेजारी. परत यायची नाही."

तो माझ्याकडे बघत होता.

"आणि बदवीही मेला. तेव्हाच. तू पहिल्यांदा विचारलंस ना, तेव्हाच मेलेला होता. जिद्दा नाही, मुंबई नाही, काही नाही. सगळं माझ्या मनाचं. आणि तू आईचं विचारू नयेस म्हणून मी मंगळवारचं गाणं बंद केलं. मीच. सौसनने नाही, लोकांनी नाही. मला भीती वाटत होती."

माझा आवाज भलताच मोठा झाला होता. दारात सौसन उभी होती.

लुत्फी रडला नाही. हात पुढे करून माझ्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या, लहान मुलाला थोपटतात तशा, आणि म्हणाला, "मंगळवार?"

"हो. येऊ."

"सिमसिमिया?"

"हो."

"आईसाठी," तो म्हणाला.

एवढंच. मला वाटलं होतं तो मला मारेल. मारायला हवं होतं. त्याला कळलं तरी किती, कोण जाणे.

जिन्यात सौसन मागून आली. "एकदाचं कोणीतरी बोललं या घरात," म्हणाली. आणि मग भिंतीला डोकं टेकून रडली, चाळीस दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तुझी पाळी सातला ना? मी साडेसहाला येत जाईन. रोज. तू परत येईपर्यंत."

"रोज म्हणजे रोज असतो, खाला."

"मला माहितेय रोज म्हणजे काय. घरी माझ्याकडे तेवढंच आहे."

ती म्हणाली, आधी शुक्रवारपर्यंत बघू.

२१ मार्च, रविवार

साडेसहाला पोचले. निळा शर्ट त्यानेच काढून ठेवला होता. मी फूल आणलं होतं, त्याने घेतलं आणि आईच्या उशीवर ठेवलं. रेडिओ बंद केला नाही. दिवसभर गल्लीत आईची गाणी चालू होती, तो गुडघ्यावर ठेका धरून होता. जेवला. दोनदा.

मी घाबरून बसले होते, तो मात्र नाही.

२३ मार्च, मंगळवार

खाली मी उभी राहिले. हसनैनने गोधडीत गुंडाळलेली सिमसिमिया माझ्या हातात दिली— "तू ठेव." मी टोपलीत ठेवली. दोराला दोन झटके दिले.

वर गेली! इतकी हळू, इतकी सांभाळून. कुठे भिंतीला लागू दिली नाही. मासेवाला बाहेर येऊन बघत होता. शिंपी सुई तोंडात धरून. दरबुका गेला, चमचे गेले.

आम्ही चढलो. सगळं मांडून ठेवलं होतं. सौसन रजा काढून घरी. उम्म शादी दारातूनच म्हणाली, "हळू वाजवा हं, चाळिसावा होऊन आठवडाही झाला नाही," आणि मग आत येऊन कोपऱ्यात बसली, ती शेवटपर्यंत. हसनैनने घरी परतण्याचं गाणं घेतलं, बदवी घ्यायचा ते. लुत्फीने ठेका धरला आणि तिसऱ्या ओळीला त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. रडायला लागला, मोठ्याने. पण हात थांबले नाहीत. ठेका सुटला नाही. हसनैनने माझ्याकडे पाहिलं, थांबू का? लुत्फीच ओरडला, "वाजव!"

मग सगळेच रडत होतो आणि वाजवत होतो. उम्म शादी सगळ्यात मोठ्याने.

निघताना सौसनने माझ्या हातात किल्ली ठेवली. "शुक्रवारी नाही नेत," म्हणाली. "साडेसहा हं. साडेसहा म्हणजे साडेसहा."

२४ मार्च, बुधवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. धीर झाला नाही.

सगळे उतरले, मी चपला घालत होते. सवयीने वेळ लावला असेन. चुकून तोंडून निघून गेलं, "लुत्फी, आज तू बदवीचं जहाज नाही विचारलंस." जीभ चावली. आता कसला प्रश्न!

तो चमचे फडक्यात गुंडाळत होता. म्हणाला, "बदवी मेला. आईने सांगितलं होतं. तेव्हाच."

"मग विचारायचास का?"

"आई म्हणायची, विचार रे. चार मजले चढून येते. तिला बरं वाटतं."